मनगटावर दोन बोटं

शनिवार, सात जून. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक तरुणी उतरत्या विमानाच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

माऊन गावापासून बावीस किलोमीटरवर, मोपानीच्या झाडीत, फ्लाइंग क्लबची मातीची धावपट्टी आहे. लांबी नऊशे मीटर. तरुणीचं नाव सेथुन्या मोआलोसी, वय तेवीस. पिंपातलं पेट्रोल हातपंपाने विमानात भरायचं आणि विमान उतरण्याआधी पट्टीवरची गाढवं, गाई, हरणं हाकलायची, ही तिची नोकरी. त्या सकाळी पट्टीवर एकही जनावर नव्हतं. तरीही ती दोन्ही हातांची डोक्यावर फुली करून मधोमध उभी होती, आणि समोरून क्लबचं चार आसनांचं पिवळं विमान खाली येत होतं.

विमान तिच्या डोक्यावरून गर्जत गेलं. वळसा घेऊन पुन्हा आलं. ती हलली नाही. तिसऱ्या फेरीला वैमानिकाने खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडून सांगितलं. शब्द ऐकू आले नाहीत, अर्थ पोचला. तेव्हा तिने पट्टीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवलं. विमान तिथे, तेवढ्याशा जागेत, दोनदा उडी मारून उतरलं.

वैमानिक तरातरा चालत आला. अंगात निळा स्वेटर, कान थंडीने लाल; तिकडे जून म्हणजे हिवाळा.

"ए बाई! जीव नकोसा झालाय का तुला?"

"मला नाही, रा. तुम्हाला झाला असेल असं वाटलं, म्हणून उभी राहिले." तिकडे पुरुषाला मानाने 'रा' म्हणतात.

"म्हणजे?"

"या ना. दाखवते."

थाकादू रात्री येऊन गेला होता. वाळवी खाणारं हे लांब नाकाचं जनावर एका रात्रीत माणूस पुरेल एवढं बीळ उकरतं, आणि वरून पाहिलं तर त्या जागी सावलीचा ठिपकाही दिसत नाही. वैमानिकाने बिळात पाय घातला. गुडघ्यापर्यंत गेला. मग मांडीपर्यंत.

"अजून सोडा," सेथुन्या म्हणाली, "लाजू नका. चाकाला कुठे लाज असते?"

तो एक पाय बिळात आणि एक बाहेर अशा अवस्थेत तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"...नाव काय तुझं?"

"आधी पाय काढा, रा. आतला मालक घरी असेल."

त्याचं नाव ओत्सिले दितिरो. वय अठ्ठावीस, मूळ गाव कान्ये, दक्षिणेकडचं. क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून तो त्याच दिवशी, दुरुस्तीला गेलेलं विमान घेऊन, रुजू होत होता. त्याच्या येण्याची बातमी मुख्य प्रशिक्षक रा सेबेगो यांनी सेथुन्याला सांगितली नव्हती, आणि सेथुन्याची बातमी त्याला.

ती बातमी अशी. क्लबचा नियम आहे की इथे काम करणाऱ्याचा नंबर आला की त्याला क्लबच्या पेट्रोलवर उडायला शिकवायचं. सेथुन्याचा नंबर आला होता. त्याआधी दोन वर्षं ती रिकाम्या मागच्या आसनावर बसून दुसऱ्यांचे धडे ऐकत आली होती.

"ही तुझ्याकडे," रा सेबेगो ओत्सिलेला म्हणाले. वय सहासष्ट, आवाज घोगरा. "बोलते जास्त. पण हवा ओळखते."

"मला बिळात घातलं हिने, रा."

"मग तुलाही ओळखलं."

पहिल्या धड्यात ओत्सिलेने तिला विमान शिकवायच्या आधी बोलायला शिकवलं. विमानात दोन दांडे असतात, एक डाव्या आसनासमोर, एक उजव्या. दोन्ही एकमेकांना जोडलेले. पण चालवणारा एका वेळी एकच. तो कोण, हे तोंडाने ठरवायचं आणि तीनदा ठरवायचं. देणारा म्हणतो, दिलं. घेणारा म्हणतो, घेतलं. देणारा पुन्हा म्हणतो, दिलं, आणि मगच हात सोडतो. रा सेबेगो यांनी हा नियम क्लबच्या दारावर रंगवून घेतला होता. त्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बायकोशी अबोला असेल तरी बोला.

"दिलं," ओत्सिले म्हणाला.

"घेतलं."

"दिलं."

"मग सोडा ना, रा. अजून धरून ठेवलंय तुम्ही."

"सोडतोय... तू 'रा' म्हणायचं सोड. म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"ओत्सिले."

"समोर बघ, ओत्सिले. गिधाड आहे."

हिवाळा संपला. सेथुन्याची आई, म्मा-सेथुन्या, सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी मग्विन्या विकायची. तेलातून काढलेले ते गरम, फुगलेले गोळे सेथुन्या सकाळी कागदात बांधून आणू लागली. पहिल्यांदा चार आणायची, मग सहा. पंखाखाली सावलीत बसून दोघं खायची.

"दिलं," ती शेवटचा गोळा पुढे करायची.

"घेतलं."

"दिलं."

"सोड की!"

"तू कुठे लवकर सोडलं होतंस..."

तळहातावर तेल, बोटांना पेट्रोलचा वास. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्याआधी मिटायचा, हे तिच्या लक्षात आलं. ती उतरताना श्वास रोखते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. विमान जमिनीपासून हातभर उंचीवर आलं की तो तिच्याऐवजी मोठ्याने श्वास सोडायचा. मग तिचाही सुटायचा.

फेब्रुवारीत ती पहिल्यांदा एकटी उडाली. उतरल्यावर क्लबच्या रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं गेलं. बादली ओत्सिलेच्या हातात होती. निम्मं पाणी त्याने स्वतःवर सांडून घेतलं, आणि रा सेबेगो म्हणाले, "एकटं कोण उडालं रे, ती की तू?"

एप्रिलच्या एकोणीस तारखेला, रविवारी, दोघं नदीच्या वरून उडत होती. खाली पाण्यातून हरणांचा कळप पळत होता, प्रत्येक पायामागे पाण्याची एक पांढरी रेघ. सेथुन्याच्या हातात दांडा होता. ओत्सिले काही बोलला नाही. त्याने तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. तिने हात सोडला. विमान त्याच्या हातात गेलं. पंखसुद्धा हलला नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बोलला नाहीस."

"बोललो की."

"रा सेबेगोंना ऐकू आलं नसतं."

"त्यांना ऐकवायचं नव्हतं."

त्या दिवसापासून, विमानात तिसरं कुणी नसलं की, ती दोघं विमान असंच एकमेकांना देऊ लागली. दोन बोटं मनगटावर. ती द्यायची तेव्हाही, तो द्यायचा तेव्हाही. तीन शब्दांची गरज उरली नाही. दोघांनाही वाटलं, हेच प्रेम. जे इतरांना तीनदा सांगावं लागतं, ते आपल्याला एकदाही सांगावं लागत नाही. दोघांचं वय लक्षात घेतलं तर त्यात नवल नव्हतं. दोघांचं काम लक्षात घेतलं तर ती चूक होती.

जुलैत सेथुन्याला परवाना मिळाला. दुसऱ्याच शनिवारी तिने रा सेबेगो यांच्यापुढे मागणी ठेवली. आसपासच्या गावांतल्या बायका जन्मभर डोक्यावरून विमानं जाताना बघतात. त्यांना त्यांचं घर वरून दाखवायचं. दर शनिवारी, दोघी-दोघींना, वीस मिनिटं. रा सेबेगो यांनी एका अटीवर हो म्हटलं. पहिले पन्नास तास शेजारच्या आसनावर प्रशिक्षक हवा.

"कोण प्रशिक्षक?" त्यांनी विचारलं आणि ओत्सिलेकडे न बघताच कागदावर त्याचं नाव लिहिलं.

पहिल्या शनिवारी एक आजी आल्या. गोठ्यावरून जाताना त्यांनी सेथुन्याच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबव जरा, बाळ. माझी काळी गाय दिसली."

"म्मा, हे थांबत नाही."

"मग इतकी वर्षं शिकलीस काय?"

सप्टेंबरपर्यंत एकेचाळीस जणींना तिने आभाळ दाखवलं. त्यातल्या तेरा-चौदा वर्षांच्या दोघी मुलींनी क्लबमध्ये शिकायला नाव घातलं. सेथुन्याने त्यांना हातपंप मारायला शिकवला. सुरुवात इथून होते, म्हणाली.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टी झाल्या. परदेशातल्या एका मोठ्या विमान कंपनीने ओत्सिलेला मुलाखतीला बोलावलं, तारीख पाच ऑक्टोबर. आणि त्याच्या घरून सेथुन्याच्या घरी निरोप आला की एकोणीस सप्टेंबरला काका मंडळी मागणी घालायला येत आहेत.

"तुला आधी विचारायला हवं होतं का?" ओत्सिले म्हणाला.

"विचार की आता."

"येशील?"

"कुठे? परदेशात की तुझ्या काकांपुढे?"

"दोन्हीकडे."

"परदेशात येईन... तुझ्या काकांची भीती वाटते."

ती हसली. मग त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. विमान जमिनीवर होतं, इंजिन बंद होतं.

अपघात शनिवारी, बारा सप्टेंबरला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाला.

त्या फेरीला एकच प्रवासी होती. म्मा केइतुमेत्से, वय अठ्ठावन्न, शाळेत मुलांचं जेवण रांधणारी. डाव्या आसनावर सेथुन्या, उजव्यावर ओत्सिले. ऊन तापलं होतं आणि पट्टीच्या कडेला वावटळी उठत होत्या. उतरताना, जमीन सहा मीटरवर असताना, वाऱ्याने विमान डावीकडे ढकललं. सेथुन्याने ते सावरलं. रा सेबेगो खालून बघत होते. त्यांच्या जबानीप्रमाणे, सुरेख सावरलं.

तेव्हा ओत्सिलेने तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

सेथुन्याने हात सोडला.

पुढचे चार सेकंद विमान कुणीच चालवत नव्हतं. उजवा पंख खाली गेला, जमिनीला घासला, चाक मोडलं आणि विमान नाकावर उलटलं. आग लागली नाही. धुळीत पट्ट्याला उलटी लोंबकळत सेथुन्याने ओत्सिलेचा आवाज ऐकला.

"सोडलंस तू?"

"तू घेतलंस ना?"

"मी... मी फक्त म्हटलं, छान."

मागून म्मा केइतुमेत्से विव्हळत होत्या. त्यांच्या कमरेचं हाड मोडलं होतं. विमान पुन्हा उडणार नाही, हे संध्याकाळपर्यंत नक्की झालं. क्लबकडे तेवढं एकच होतं.

चौकशी कार्यालयाच्या अर्जात एक प्रश्न असतो: त्या क्षणी विमान कुणाच्या हातात होतं? उत्तराला एकच ओळ. दोघांनी वेगवेगळं लिहून द्यायचं, एकमेकांना न विचारता. सेथुन्याने रविवारी विचार केला. तिचा परवाना दोन महिन्यांचा. गेला तर गेला, पुन्हा परीक्षा देता येईल. त्याची मुलाखत तीन आठवड्यांवर, आणि प्रशिक्षकाने नियम मोडल्याचा शेरा बसला तर मुलाखत नाहीच. मंगळवारी तिने लिहिलं: विमान माझ्या हातात होतं. स्पर्शाचा उल्लेख केला नाही. कागद पिशवीत ठेवला. बुधवारी आधी दवाखान्यात जाऊन मग कार्यालयात द्यायचा होता.

ओत्सिले दवाखान्याच्या अंगणात बाकावर बसला होता. कपाळावर टाके.

"कशा आहेत त्या?" तिने विचारलं.

"झोपल्यात." मग थांबून, "मी दिलं लिहून."

"कधी?"

"सोमवारी."

"काय लिहिलंस?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "विमान तुझ्या हातात होतं."

सेथुन्या पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"त्यांनी विचारलं, काही खूण, काही हात लावणं, असं झालं का. मी नाही म्हटलं. मी तिला हात लावला नाही, असं लिहिलं. ...सेथुन्या, मुलाखत आहे. नोकरी लागली की आपण दोघं..."

"सोमवारी," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस तासही थांबला नाहीस."

"थांबून काय झालं असतं?"

"मीच लिहिणार होते. तेच. लिहून आणलंय, पिशवीत आहे."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सुटका दिसली, लपली नाही. "मग फरक काय पडला?"

बाकाच्या दोन टोकांना दोघं. फाटकाशी आईच्या कढईचा चर्र आवाज येत होता.

"खरंच विचारतोयस?" ती म्हणाली.

"हो. खरंच. तूही तेच लिहिणार होतीस, मीही तेच लिहिलं. मग..."

ती उठली. गुरुवारी तिने कार्यालयात दुसराच कागद दिला. अकरा ओळींचा. त्यात एकोणीस एप्रिलची तारीख होती, नदी होती, दोन बोटं होती. आम्ही दोघांनी नियम मोडला, असं होतं. हरणं नव्हती. शेवटची ओळ: त्या क्षणी विमान कुणाच्याच हातात नव्हतं.

दोन जबान्या, दोन्ही एकमेकींना खोटं पाडणाऱ्या. तिसरी साक्ष म्मा केइतुमेत्से यांची. अधिकाऱ्यांनी खाटेशेजारी बसून विचारलं, हात दिसला का?

"डोळे मिटले होते मी," त्या म्हणाल्या. "देवाशी बोलत होते. यांच्याकडे कशाला बघू?"

शनिवारी, एकोणीस तारखेला, सूर्य उगवायच्या सुमारास ओत्सिलेचे तीन काका सेथुन्याच्या दारात आले. जाड कोट, गुडघ्यांवर ठेवलेल्या टोप्या. ओत्सिलेने त्यांना आदल्या दिवशी फोन करून येऊ नका म्हटलं होतं. थोरल्या काकांनी उत्तर दिलं होतं, लग्न तुझं, मागणी आमची. पाचशे मैल आल्यावर कुणी परत फिरत नाही.

सेथुन्या आत होती. अशा वेळी मुलीने बाहेर यायचं नसतं आणि मुलाने तर गावातही दिसायचं नसतं. मुलीच्या बाजूने मामाच बोलतो. मामा मोलेफे, गुरांचे डॉक्टर, कमी बोलणारे.

"पाणी भरायला भोपळा मागायला आलोय," थोरल्या काकांनी मुलगी मागायचं रिवाजाचं वाक्य म्हटलं.

"बसा," मामा म्हणाले. "चहा घ्या. एक गोष्ट आम्हाला समजत नाही, ती समजावून सांगा."

"विचारा, रा."

"तुमच्या मुलाने सरकारी कागदावर सही करून लिहिलंय की आमच्या मुलीला त्याने हात लावला नाही. मग तुम्ही कुणासाठी मागायला आलात?"

काकांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने टोपी फिरवली.

"ती विमानातली गोष्ट, रा. घरातली वेगळी."

"हात वेगळे आहेत का त्याला? विमानातले आणि घरातले?"

म्मा-सेथुन्या चहा घेऊन आली आणि तिने प्रत्येकाच्या कपात साखर विचारून घातली. अपमान झाला असं कुणाला म्हणता येऊ नये, याची तिने काळजी घेतली.

"नाही म्हणत नाही आम्ही," मामा शेवटी म्हणाले. "मुलाला विचारून या. मग उत्तर देऊ."

सेथुन्या पडद्याआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. श्वास मात्र अडकला होता, आणि या वेळी तो सोडायला शेजारी कुणी नव्हतं.

पाच ऑक्टोबरची मुलाखत झाली. ओत्सिलेची निवड झाली. चौकशीचा निकाल स्वच्छ आला तरच नेमणुकीचं पत्र मिळेल, असं त्याला कळवण्यात आलं. तो आता राजधानीत मावशीकडे राहतो.

नऊ नोव्हेंबरला कार्यालयाने दोघांना एकच पत्र पाठवलं. प्रश्नही एकच: विमानाचा ताबा न बोलता, स्पर्शाने देण्याची तुमची सवय होती काय? होय किंवा नाही. उत्तराची मुदत तीस नोव्हेंबर, दुपारी चारपर्यंत. सेथुन्याने अकरा तारखेला होय लिहून दिलं. तिचा परवाना तेव्हापासून कार्यालयात जमा आहे.

सतरा तारखेला ओत्सिलेचा फोन आला. सेथुन्या पट्टीवर होती. पाऊस पडून गेला होता, मातीचा वास होता. पाहुणं विमान यायचं होतं आणि गाढवं हलत नव्हती.

"होय लिहिलं तर नोकरी गेली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"परवानाही जाईल. सात वर्षं घातलीत मी."

"माहीत आहे, ओत्सिले."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काही नाही. एप्रिलपासून काहीच झालं नाही, एवढंच."

सेथुन्याने फोन कानाशी धरूनच एका गाढवाला पट्टीबाहेर ढकललं.

"तुला काय हवंय?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं..." ती म्हणाली. "तू सोमवारच्या आधी विचारलं असतंस तर." आणि मग, "ठेवते. विमान आलं."

म्मा केइतुमेत्से आता लोखंडी चौकटीच्या आधाराने दारापर्यंत जातात. शाळेच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई ठेवली आहे. नाव घातलेल्या दोन मुलींपैकी एकीच्या घरच्यांनी तिला क्लबवर पाठवणं बंद केलं. दुसरी अजून हातपंप मारते. रा सेबेगो दुसरं विमान शोधत आहेत. मामांकडे कान्येहून निरोप आलेला नाही आणि मामांनी नकारही कळवलेला नाही.

सोमवारी, तीस नोव्हेंबरला, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी सेथुन्याने कार्यालयात फोन लावला. ओत्सिले दितिरो यांचं उत्तर आलेलं नाही, तिथल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून मागितली होती. ती चौदा डिसेंबरपर्यंत वाढवून देण्यात आली आहे.